निवारा केंद्रातला वाघ कोणासाठी?

भारतात प्राणी पाहायला जाणे हे मुलांचे काम समजले जाते. प्रौढ माणसे जातात ती मुलांचे बोट धरून. मूल बरोबर नसलेले जोडपे किंवा चार मध्यमवयीन मित्र केवळ सुटका केलेले वाघ-सिंह पाहण्यासाठी प्रवास करतात, हे अजूनही अनेकांना चमत्कारिक वाटते. वास्तविक मार्जारकुळातील मोठ्या प्राण्यांचे निवारा केंद्र हा मुलांपेक्षा प्रौढांचाच विषय आहे. तिथला जवळजवळ प्रत्येक प्राणी प्रौढांच्याच कुठल्या तरी निर्णयामुळे तिथे पोहोचलेला असतो.

सर्कशीतल्या सिंहांचे उदाहरण घ्यावे. 14 ऑक्टोबर 1998 रोजी केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्याकडून खेळ करून घेण्यास मनाई केली. सर्कसमालक न्यायालयात गेले. 2000 साली केरळ उच्च न्यायालयाने आणि 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई योग्य ठरवली. वर्तमानपत्रांच्या लेखी विषय तिथे संपला. प्राण्यांचा प्रश्न मात्र तिथे सुरू झाला. बंगळूरजवळचे बन्नेरघट्टा, तिरुपती, विशाखापट्टणम, चेन्नई, जयपूर, भोपाळ अशा ठिकाणी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मदतीने त्यांची सोय झाली. यांतले अनेक सिंह आफ्रिकी आणि आशियाई यांच्या संकरातून जन्मलेले होते. गीरच्या जंगलात त्यांना जागा नव्हती आणि शुद्ध आशियाई सिंहांच्या प्रजनन कार्यक्रमातही नव्हती. म्हणून त्यांची वीण थांबवायची, त्यांना नीट जगू द्यायचे आणि म्हातारे होऊन मरू द्यायचे, एवढेच धोरण उरले. पिंजऱ्यातला सिंह फार तर वीस-बावीस वर्षे जगतो. 2001 पासूनचे गणित ज्याने त्याने करावे. अशा केंद्राचे यश म्हणजे एक दिवस रिकामा झालेला पिंजरा. तिकीट काढून आलेल्या माणसाला हे यश पचणे कठीण जाते.

कायद्याने ही अडचण ओळखलेली दिसते. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीने प्राणिसंग्रहालयाच्या व्याख्येत निवारा केंद्रांचा उल्लेख ‘प्रदर्शनाबाहेरच्या सुविधा’ असा केला. म्हणजे तिथला प्राणी दाखवण्यासाठी नाही. काही ठिकाणी निवारा केंद्राला लागूनच सफारी किंवा संग्रहालय असते आणि पर्यटकाच्या मनात दोन्हींची सरमिसळ होते. ती टाळलेली बरी.

न दाखवण्यामागे शास्त्रही आहे. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी प्राण्याच्या ‘पलायन-अंतरा’ची कल्पना मांडली. परका जीव या अंतराच्या आत आला की प्राणी दूर सरतो. पिंजऱ्याची खोली या अंतरापेक्षा कमी असेल तर प्राण्याने कितीही मागे सरले तरी ते अंतर भरून निघत नाही. पुढे 2003 साली ‘नेचर’मध्ये रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन यांनी दाखवले की निसर्गात ज्या मांसभक्षकांचा वावर विस्तीर्ण प्रदेशात असतो, त्यांच्यात बंदिवासातल्या येरझाऱ्या अधिक आढळतात. एकाच रेषेवर, एकाच जागी वळत, घड्याळाच्या लंबकासारख्या चाललेल्या येरझाऱ्या पाहून पर्यटक हळहळतो आणि केंद्राला दोष देतो. पण ही सवय दहा वर्षांपूर्वीच्या सर्कशीच्या गाडीत जडलेली असू शकते. आजच्या वागण्यावरून आजच्या काळजीचे माप काढता येत नाही. (शांतता भंग करण्याचे खापर मुलांच्या माथी फोडले जाते, जाळी वाजवणारा हात पुष्कळदा बापाचा असतो.)

‘मग जंगलात का सोडत नाही?’ हा पुढचा प्रश्न. त्याचे एक उत्तर जुन्नरने दिले आहे. उसाच्या पट्ट्यात पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडण्याची मोठी मोहीम तिथे या शतकाच्या आरंभी झाली. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्या काळात माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेले. माणिकडोहच्या निवारा केंद्रातल्या बिबट्यांकडे पाहताना हा आकडा माहीत असणे आवश्यक आहे. त्याच भागात ऊसतोडीत सापडलेले बछडे संध्याकाळी त्याच फडात ठेवले जातात आणि रात्री आई त्यांना घेऊन जाते. ही खरी सुटका, आणि ती कोणत्याही पर्यटकाला दिसत नाही.

दुसरे उत्तर उत्तर बंगालमधल्या दक्षिण खैरबारीच्या केंद्रातले. 2008 साली सुंदरबनात मगरीच्या हल्ल्यात जबर जखमी झालेला राजा नावाचा वाघ तिथे आणला गेला. तो 2022 साली, पंचविशी ओलांडून मेला. तो शिकार करू शकत नव्हता, म्हणून सुमारे 14 वर्षे माणसाने त्याला पोसले. जंगलातला वाघ बहुधा पंधरा वर्षांचाही होत नाही. हा खर्च योग्य होता का, हा प्रश्न क्रूर नाही. तो मुलाच्या खांद्यावरून विचारता येत नाही, इतकेच.

तरीही दारे पूर्ण बंद ठेवणे हा उपाय नव्हे. बंद दारामागे संशय वाढतो. जामनगरच्या ‘वनतारा’बाबतचे प्रश्न ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या विशेष तपास पथकापर्यंत गेले; पथकाने केंद्राला निर्दोष ठरवले, पण त्यासाठी न्यायालयाला लक्ष घालावे लागले. उघड्या दाराचाही भरवसा नाही. थायलंडमधल्या कांचनबुरीच्या व्याघ्रमंदिरात जगभरचे प्रौढ पर्यटक वाघांशेजारी बसून छायाचित्रे काढत. 2016 साली तिथून 137 वाघ हलवताना शीतपेटीत 40 मृत बछडे सापडले. बछड्याला हात लावू देणारी जागा स्वतःला काहीही म्हणवो, ती निवारा केंद्र नव्हे.

प्रौढांसाठी मधला मार्ग काढता येईल. महिन्यातून एखादा दिवस, दहा-बारा जणांचा गट, छायाचित्रणास बंदी. त्यांना स्वयंपाकघर, मांसाच्या तपासणीची नोंद, उपचारकक्ष दाखवावा. प्राणी दाखवायचाच असेल तर कॅमेऱ्याच्या पडद्यावर. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना यातून जितके जीवशास्त्र कळेल तितके सफारीच्या बसमधून कळणार नाही.

तोवर निघण्यापूर्वी घरबसल्या एक काम करता येते. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण देशातल्या संग्रहालयांतील प्राण्यांची वार्षिक नोंद प्रसिद्ध करते. तिच्यात जन्म, मृत्यू, आवक, जावक असे रकाने असतात. नोंदीत केंद्र सापडले तर वाघ-सिंहांच्या ओळीतला जन्माचा रकाना आधी पाहावा. तिथे शून्य नसेल तर तिकीट काढण्याआधी कारण विचारावे. मृत्यूचा रकाना भरलेला असला तर घाबरण्याचे कारण नाही. आत आलेले प्राणी बहुधा म्हातारे किंवा जायबंदी असतात. शवविच्छेदनाचा अहवाल ठेवला जातो का, एवढे मात्र विचारावे.