त्या यादीतला ‘नर्सिंग असिस्टंट’

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीन हिमनदीवरील सोनम ठाण्यावर बर्फाचा प्रचंड कडा कोसळला. सुमारे १९,६०० फूट उंचीवरचे ते ठाणे. तेथे असलेली, मद्रास रेजिमेंटच्या १९व्या बटालियनबरोबरची दहा जणांची तुकडी क्षणार्धात गाडली गेली. सहा दिवसांनी पंचवीस फूट बर्फाखालून लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले आणि सारा देश देवापुढे हात जोडून उभा राहिला. ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या सैनिकी रुग्णालयात त्यांनी देह ठेवला. हनुमंतप्पा आपल्या स्मरणात राहिले, ते योग्यच झाले. पण सैन्यदलाने प्रसिद्ध केलेल्या दहा नावांच्या यादीत एका नावामागे ‘सिपाही, नर्सिंग असिस्टंट’ असे लिहिले होते. नाव सुनील सूर्यवंशी, गाव मस्करवाडी, जिल्हा सातारा. आपल्याच मातीतला हा मुलगा. एकोणीस हजार सहाशे फुटांवर, जेथे गवताचे पातेही उगवत नाही, तेथे नर्सिंग असिस्टंट काय करीत होता, हा प्रश्न त्या वेळी किती मराठी घरांत विचारला गेला?

तो विचारला गेला नाही, याचे कारण आपल्या मनातल्या सैनिकाच्या चित्रात आहे. त्या चित्रात बंदूक असते, ध्वज असतो, फार तर हिमशिखर असते. त्यात थर्मामीटर नसतो. बंदूकधारी नऊ जण उद्या पहाटे उभे राहू शकतील की नाही, हे ठरवणारा दहावा माणूस त्या चित्रात कोठेच दिसत नाही.

हिमनदीवर काही मोजक्याच ठाण्यांवर डॉक्टर असतो. बाकी ठिकाणी आर्मी मेडिकल कोअरचा नर्सिंग असिस्टंट, किंवा तुकडीतलाच प्राथमिक वैद्यकीय शिक्षण दिलेला जवान. शिक्षण लखनौच्या केंद्रात झालेले, हुद्दा शिपायाचा आणि जबाबदारी डॉक्टरची. जवान त्याला गमतीने आणि आदरानेही ‘डाक्टरसाब’ म्हणतात. त्याचा दिवस सुरू होतो तो सोबत्यांच्या पायांपासून. प्रत्येकाचे मोजे उतरवून बोटे पाहायची. बोट लाल असेल तर ठीक. पांढरे, मेणासारखे आणि बधिर झाले असेल तर तेथेच सावध व्हायचे. हिमदंश झालेल्या बोटावर बर्फ चोळणे किंवा ते थेट शेगडीपाशी धरणे म्हणजे बोट गमावणे. ३७ ते ३९ अंश उष्णतेच्या पाण्यात ते धीराने ठेवावे लागते, आणि तेही ते पुन्हा गोठणार नाही याची खात्री असेल तरच. आता हे पाणी आणायचे कोठून? बर्फ वितळवून. कशावर? केरोसीनच्या स्टोव्हवर, आणि ते केरोसीन खांद्यावर किंवा हेलिकॉप्टरने वर आलेले. त्या उंचीवर पाणी ऐंशी अंशांच्या आसपासच उकळू लागते, त्यामुळे उपकरणे नुसती उकळून निर्जंतुक झाली असे मानण्याची सोय नाही. इंजेक्शनच्या कुप्या गोठतात, म्हणून तो त्या अंगावरच्या कपड्यांच्या आत किंवा रात्री झोपण्याच्या पिशवीत घेऊन झोपतो. सलाईनच्या बाटलीची काळजी तान्ह्या मुलासारखी घ्यावी लागते.

त्यानंतर बोटाला लावायच्या यंत्रावर रक्तातला प्राणवायू पाहायचा. मैदानी भागात ९५च्या पुढे असणारा आकडा तेथे सत्तरीत किंवा ऐंशीच्या घरात असतो आणि तोच तेथला ‘निरोगी’ माणूस. मग प्रश्न : रात्री झोप लागली का? जेवलास का? डोके दुखते का? उत्तर बहुधा एकच येते, ‘सब ठीक है’. यातच या कामाची खरी अवघड जागा आहे. जवान दुखणे लपवतो. आपण खाली गेलो तर आपली पाळी दुसऱ्याला करावी लागेल, सोबती दुबळा म्हणतील, ही त्याची धास्ती. अशा वेळी या शिपायाला आपल्याहून वरिष्ठ हवालदाराला, प्रसंगी सुभेदाराला सरळ रेषेत, टाचेला अंगठा लावून चालायला सांगावे लागते. तोल गेला तर ते मेंदूला सूज येत असल्याचे लक्षण असू शकते. मग त्याच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणावे लागते, ‘साब, आपको नीचे जाना होगा.’ हे धैर्य बंदुकीच्या धैर्याहून कमी प्रतीचे आहे काय?

रात्र वेगळीच. कोरडा खोकला, बसल्या जागी धाप, ओठ निळसर, मग तोंडाला गुलाबी फेस. फुप्फुसात पाणी साचते आहे. या आजाराला सैन्यात ‘हॅपो’ म्हणतात. त्यावर पहिला इलाज रुग्णाला खाली उतरवणे हा आहे. पण रात्री, हिमवादळात, दोराला बांधून, भेगाळलेल्या हिमनदीवरून त्याला नेणार कसे? चीता हेलिकॉप्टर येते ते सहसा उजाडल्यावर आणि वाऱ्याने परवानगी दिली तर. तोवर प्राणवायूचे नळकांडे, औषध, आणि ‘हॅपो बॅग’. ही माणूस मावेल एवढी हवाबंद पिशवी. रुग्णाला आत निजवून साखळी बंद करायची आणि पायाने पंप मारत राहायचे. आतला दाब वाढतो आणि रुग्णाच्या शरीरापुरता तो डोंगर काही हजार फुटांनी खाली येतो. पण पंप थांबवता येत नाही, कारण आतली हवा सतत बदलावी लागते. ज्या उंचीवर बुटाची नाडी बांधली तरी धाप लागते तेथे पहाटेपर्यंत पाळीपाळीने पाय मारत राहायचे. पारदर्शक खिडकीतून चेहरा पाहत राहायचे. रेडिओवरून दूरच्या ठाण्यावरचा डॉक्टर सांगत असतो, त्याप्रमाणे मात्रा द्यायची. या वेळी त्या ठाण्यावरचे भारताचे सार्वभौमत्व त्या पायपंपावर तोललेले असते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

आता आपल्याकडच्या विचारवंतांचा आवडता युक्तिवाद पाहू. सियाचीनवर शत्रूच्या गोळीपेक्षा हवामानानेच अधिक माणसे मरतात, ओसाड बर्फासाठी हा खर्च कशाला, दोघांनीही खाली यावे! २००५च्या जूनमध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग तेथे गेले आणि या हिमनदीचा ‘शांतीचा पर्वत’ व्हावा, अशी इच्छा त्यांनी बोलून दाखवली. तेव्हापासून हा युक्तिवाद परिसंवादांतून वारंवार ऐकू येतो. त्यातले पहिले वाक्य खरे आहे. एप्रिल १९८४मध्ये ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झाल्यापासून २०१५च्या अखेरीपर्यंत ८६९ सैनिक तेथे कामी आल्याचे सरकारने संसदेत सांगितले, आणि त्यांत निसर्गाचे बळी फार मोठे आहेत. २००३च्या नोव्हेंबरपासून शस्त्रसंधी आहे, त्यामुळे गोळी तर आणखीच मागे पडली. पण या वाक्याचा दुसरा अर्धा भाग हे विद्वान कधी उच्चारत नाहीत. हवामान मारते, आणि हवामानाला हरवणारी माणसेही तेथेच उभी आहेत.

१९६२ आठवावे. मैदानातून उचललेले जवान सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत थेट उंच डोंगरावर नेले गेले. शरीराला त्या उंचीची सवय होऊ दिली नाही, आणि कित्येकांची फुप्फुसे शत्रू समोर येण्याआधीच भरून आली. त्या अपमानातून आपल्या सैनिकी डॉक्टरांनी जे शास्त्र उभे केले, त्याची माहिती आपल्या पाठ्यपुस्तकांत शोधूनही सापडणार नाही. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या पर्वतविकाराचा अभ्यास करून तो १९६९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला. पर्वतविकाराचा अभ्यास करणारा जगातला डॉक्टर आजही त्या निबंधापाशी येतो. आज कोणताही जवान थेट वर जात नाही. पहिल्या टप्प्यावर सहा दिवस, पुढच्या दोन टप्प्यांवर चार-चार दिवस थांबून, तपासणी होऊनच तो वर चढतो. हे वेळापत्रक कोणा मंत्र्याच्या मेजावर तयार झालेले नाही, ते रुग्णांच्या उशाशी बसून लिहिले गेले. ज्या अडचणीवर आपल्याच माणसांनी एवढा मार्ग काढला, तीच अडचण माघारीचे कारण म्हणून पुढे करणे हा त्यांचा अवमान आहे. आणि हिवाळ्यात शिखरे मोकळी सोडली म्हणजे काय होते, हे १९९९मध्ये कारगिलने आपल्याला पुरेसे शिकवलेले नाही काय?

पण बोट केवळ त्यांच्याकडे दाखवून भागणार नाही. ढोल वाजवणाऱ्यांचे, म्हणजे तुमचे आमचे, काय?

१९ जुलै २०२३ रोजी सियाचीनवर आग लागली. कॅप्टन अंशुमन सिंग या वैद्यकीय अधिकाऱ्याने जळत्या झोपडीतून सहकाऱ्यांना बाहेर काढले, मग आग वैद्यकीय कक्षाकडे सरकताच आतली जीवनरक्षक औषधे वाचवण्यासाठी तो पुन्हा आत गेला आणि परतला नाही. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचा हा पदवीधर. औषधे! जळत्या तंबूत शिरावे इतकी मोलाची औषधे, कारण ती गेली तर पुढच्या ‘हॅपो’च्या रुग्णाला द्यायला काही उरत नाही, हे त्याला ठाऊक होते. जुलै २०२४मध्ये त्याला मरणोत्तर कीर्तिचक्र प्रदान झाले. त्यानंतर आपल्या दिवाणखान्यांत चर्चा कशाची झाली? त्याच्या कुटुंबातल्या दुःखाची आणि मतभेदाची. त्याच्या तरुण पत्नीविषयी जे अभद्र लिहिले गेले, त्यात स्वतःला राष्ट्रभक्त म्हणवणारेही होते. तो आगीत का शिरला, हे विचारणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

शासनालाही या प्रश्नातून सुटका नाही, मग ते कोणाचेही असो. २०२०मध्ये संसदेपुढे आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने उंचावरील सैनिकांसाठीचे बूट, बर्फातले चश्मे, कपडे यांच्या खरेदीतील विलंबावर बोट ठेवले. कारकुनाच्या मेजावर अडलेली फाइल म्हणजे त्या शिपायाच्या मांडीवरचे एक काळे पडलेले बोट, एवढा हिशेब सरळ आहे. आपले सरकार म्हणून गप्प बसणे ही सैन्याची सेवा नव्हे.

आणि आता थोडे घरातले. पुण्याचे हे महाविद्यालय १९४८पासून आपल्या अंगणात आहे. दरवर्षी महाराष्ट्रातली शेकडो घरे मुलाच्या वैद्यकीय प्रवेशासाठी रात्रीचा दिवस करतात. त्यातल्या कित्येकांच्या दर्शनी भिंतीवर शिवराय आणि सावरकर आहेत. मुलगा डॉक्टर झाला की पुढचा विचार परदेशाचा, नाही तर शहरातल्या मोठ्या रुग्णालयाचा. सेना वैद्यकीय सेवेत अल्पकालीन कमिशनची सोय आहे. पाच वर्षांची सेवा, इच्छा असल्यास चौदा वर्षांपर्यंत वाढणारी. जाहिराती वृत्तपत्रांत येतात. त्या आपण वाचतो का? सैन्याच्या पैशाने शिकून बाँडची रक्कम भरून बाहेर पडणाऱ्या मुलाला ‘हुशार निघाला’ म्हणणारे पालक मी माझ्या कानांनी ऐकले आहेत, आणि ते पालक सव्वीस जानेवारीला आमच्याच शेजारी उभे राहून राष्ट्रगीत म्हणतात. दोष त्या मुलाचा कमी, त्याला हुशारीची ही व्याख्या शिकवणाऱ्या आपला अधिक. २०२३च्या डिसेंबरमध्ये कॅप्टन गीतिका कौल आणि कॅप्टन फातिमा वसीम या दोन तरुण डॉक्टर मुली सियाचीनवर रुजू झाल्याच्या बातम्या आल्या. त्या मुलींच्या आईवडिलांनी कोणती व्याख्या शिकवली असेल, याचा विचार आपापल्या घरी करायला हवा.

सगळेच असे नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. पुण्यातल्या एका निवृत्त दाम्पत्याने सियाचीनच्या जवानांना प्राणवायू कमी पडतो, हे ऐकून स्वतःचे दागिने मोडले, मग गावोगाव हिंडून लोकवर्गणी गोळा केली आणि एक कोटीहून अधिक खर्चाचा प्राणवायू निर्मितीचा प्रकल्प २०१९मध्ये तेथे उभा करून दिला. त्यांनी भाषणे दिली, पण आधी पाटल्या दिल्या.

आर्मी मेडिकल कोअरचे बोधवाक्य ‘सर्वे सन्तु निरामयाः’ असे आहे. आपण ते पूजेच्या शेवटी, प्रसाद घेण्याच्या घाईत म्हणतो. तिकडे ते म्हणणाऱ्याच्या पायाखाली पंप असतो. पहाट होते, वारा पडतो, खालच्या खिंडीतून हेलिकॉप्टरचा आवाज येतो. दोन मिनिटे पंखे फिरत असताना रुग्ण आत चढवला जातो, कारण इंजिन बंद करण्याची तेथे सोय नाही. यंत्र उतारावरून खाली झेपावते आणि दिसेनासे होते. डाक्टरसाब हातमोज्यांवरचा बर्फ झटकतो, तंबूत वाकून शिरतो आणि उरलेल्यांना सांगतो, ‘चलो, मोजे उतारो.’