नुसत्या करंटनं आखडलेला हात सुटत नाही

लकवा मारल्यावर काही आठवड्यांत अनेकांचा हात छातीशी आखडतो, वळलेली मूठ उघडत नाही. मेंदूचा लगाम सुटला की स्नायू ताठरतात. त्यावर ‘टेन्स’चं छोटं मशीन आहे, कातडीवर पॅड चिकटवून सौम्य करंट देतात. ताठरपणा उतरतो, खरंय. पण थोडाच वेळ. तेवढ्यात व्यायाम करून घेतला तर गुण येतो. (पेसमेकरवाल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नये.)

आपल्याकडे मात्र करंट दिला, पैसे घेतले, पेशंट घरी! मशीन दोन-तीन हजारांत येतं हो, व्यायाम करून घेणारा माणूस कुठाय? ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसवा. अर्धं अंग गेलेल्या माणसानं एसटीनं जिल्ह्याला जायचं कसं, आमदारसाहेब?