वरळीचा बेडूक

'कूपमंडूक' म्हणून आपण ज्याची थट्टा करितों, त्याचे भाऊबंद आजच्या मुंबईच्या जागीं सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं नांदत होते, हें किती मुंबईकरांस ठाऊक आहे? ज्वालामुखीच्या दोन उद्रेकांमधील शांत काळांत वरळीस तळें सांचलें. त्याच्या गाळांत अनेक चिमुकले बेडूक गाडले गेले व त्यांचे सांगाडे पातळ थरांच्या दगडांत उमटून राहिले. बेडकाचीं हाडें इतकीं नाजूक कीं, असे सबंध सांगाडे मिळणें दुर्मिळच. १८४७ सालीं रिचर्ड ओवेन यांनीं त्यास 'राना पुसिला', म्हणजे इवलासा बेडूक, असें नांव दिलें. पुढें १९३० सालीं नोबल यांनीं त्याच्यासाठीं 'इंडोबॅट्रॅकस' ही निराळी प्रजाती स्थापिली.

आम्हांस मात्र वरळी ठाऊक आहे ती जागेच्या भावावरून! टेकड्या फोडूंच नयेत, असें आमचें म्हणणें नाहीं, शहर वाढणारच. परंतु सुरुंग लावण्यापूर्वीं कोणा जाणत्यानें तो खडक एकदां पाहावा, ही मागणी अवास्तव आहे काय? कंत्राटदारास त्यांत केवळ खडी दिसते, हा दोष त्याचा नव्हे; दगड वाचावयास आम्हीं शिक्षकांनींच त्यास शिकविलें नाहीं. आणि पालकहो, मुलानें खिशांतून दगड घरीं आणिला, तर रागावून केरांत टाकण्यापूर्वीं तो उजेडांत एकवार उलटून पाहा.