स्टँडवरच्या बायका

एसटीचा विषय निघाला की आमच्या पिढीतले पुरुष लगेच हळवे होतात. खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा, टपावर चढवलेली सायकल, कँटीनमधला गार वडा, आणि कंडक्टरच्या पंचाची ती टिकटिक. दर वर्षी १ जून आला की हे सगळं नव्याने लिहिलं जातं. १९४८ साली याच तारखेला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली, ही माहितीही सोबत असतेच. मी हे लेख आवडीने वाचते. पण त्यांतल्या बायका सगळ्या निरोप द्यायला आलेल्या असतात. पदर डोळ्याला लावून फलाटावर उभ्या. गाडी हलली की त्यांचं काम संपतं आणि लेखक पुढच्या प्रवासाला लागतो.

गाडी गेल्यावर त्या बायका काय करतात, हे मला माहीत आहे, कारण बरीच वर्षं मी त्यांच्यातच उभी होते.

आमचं गाव जुन्नर तालुक्यातलं. थोरला भाऊ पुण्याला शिकायला गेला, चौघांनी मिळून एक खोली घेतली, आणि मेसचा खर्च झेपणारा नव्हता म्हणून त्याचा डबा घरून एसटीने जायला लागला. त्या काळी पुण्याच्या आसपासच्या जिल्ह्यांतून असे डबे रोज शहरात उतरत. पुण्याचे तीन स्टँड म्हणजे महाराष्ट्राच्या तीन दिशा. मुंबईकडची माणसं पुणे स्टेशनला उतरणार, साताऱ्या-सोलापूरकडची स्वारगेटला, आणि आम्ही नाशिक-नगरच्या वाटेवरचे सगळे शिवाजीनगरला. भाकरी बाजरीची की ज्वारीची, एवढं पाहिलं तरी डबा कुठल्या स्टँडवर उतरलाय ते सांगता येतं, असं भाऊ म्हणायचा.

रात्री गावात मुक्कामाला आलेली गाडी पहाटे सुटायची. ड्रायव्हर आणि मास्तर (कंडक्टरला आमच्याकडे मास्तरच म्हणतात) देवळाच्या ओसरीवर नाहीतर गाडीतच झोपायचे. त्यांना जाग यायच्या आधी आमच्या घरात चूल पेटलेली असे. आई अंधारात उठायची. भाकरी, सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी, कधी कांदा. रस्सा कधीच नाही, कारण डबा लवंडला आणि कुणाच्या पिशवीवर तेल गेलं की दुसऱ्या दिवशी मास्तर डबा घेताना तोंड वाकडं करणार. झाकणावर ऑइल पेंटने भावाचं नाव घातलेलं, वरून फडक्याची गाठ. तो डबा घेऊन मी धावत गाडीपाशी जायचे. पावती नाही, सही नाही. मास्तर डबा ड्रायव्हरच्या मागे सरकवून ठेवायचा आणि चहा पाजला तर हसायचाही.

पुण्यातल्या त्या टोकाचं वर्णन बऱ्याच जणांनी केलं आहे. गाडी फलाटाला तोंड लावून उभी राहायची, की पोरांची झुंबड, आपापला डबा शोधणं, चांगल्या घरचा डबा कुणीतरी आधीच पळवलेला असणं. ते मजेचं आहे आणि खरंही आहे. या टोकाला मात्र संध्याकाळी रिकामा डबा परत यायचा आणि त्यात चिठ्ठी असायची. चटणी जरा कमी तिखट कर. फीचे पैसे या आठवड्यात पाठव. आईला वाचता येत नसे, म्हणून मी वाचून दाखवायचे. डबा आला नाही, किंवा आला पण धुतलेला नसला, तर तिचा सगळा दिवस त्याच विचारात जायचा. पोरगं आजारी आहे का? गाडीच उशिरा पोचली का? फोन गावात पोस्टात एकच. त्यामुळे डब्याला लागलेली खरकटी भाजी बोटाने पाहून पोरगं जेवलं की नाही याचा अंदाज बांधायचा. नोटा असल्या तर त्या प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून भाकरीच्या खाली जायच्या. त्यातली एकही कधी हरवल्याचं मला आठवत नाही, आणि आज इतक्या कॅमेऱ्यांच्या जगात हे सांगताना मलाच ते जरा खोटं वाटतं.

आईने शिवाजीनगरचा स्टँड पहिल्यांदा पाहिला तो भावाच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही पुण्याला गेलो तेव्हा. तोवर रोज तिच्या हातचं जेवण तिथे उतरून गेलं होतं. गाडीतून उतरल्यावर तिने दुसरं काही विचारलं नाही, डबे कुठे ठेवायचे तेवढं दाखव म्हणाली. भावाने पार्सलच्या खोलीजवळचा एक कोपरा दाखवला. तिने बघितलं आणि म्हणाली, "एवढीशी जागा? मला वाटलं मोठं काहीतरी असंल."

डबे मुलांचेच जायचे, हे आता लिहून टाकते. मुलीला डबा पाठवायचा तर आधी तिला शिकायला पाठवलं पाहिजे. माझ्यावर ती वेळ आली तेव्हा घरी डब्याचा विषयसुद्धा निघाला नाही. मुलीने रोज स्टँडवर जाऊन गाडीची वाट बघत उभं राहायचं? मला आत्याकडे ठेवलं. भावाने जिथे मित्र जोडले, उधाऱ्या केल्या, राजकारणावर भांडणं केली, त्या स्टँडवर मी फक्त यायचे आणि निघायचे.

तरी स्टँड मला त्याच्यापेक्षा जास्त पाठ होता. बाईला स्टँड पाठच करावा लागतो. वाहतूक नियंत्रकाची खिडकी कुठे आहे, तिच्यातला दिवा किती वाजेपर्यंत जळतो, कुठल्या बाकड्यावर कुटुंबवाली माणसं बसतात, कुठल्या खांबाआड उभं राहायचं नाही. गाडी कुठे लागते ते विचारायचं तर खाकी कपड्यातल्या माणसाला विचारायचं. लांबचा प्रवास असला की आदल्या रात्रीपासून पाणी कमी प्यायचं, कारण स्वच्छतागृह कसं असेल ते सांगता येत नाही आणि कसं असेल ते ठाऊकही असतं. हे शिक्षण आम्हाला आयांनी, मावश्यांनी दिलं. एकाही पुरुषाच्या आठवणींत मी तहानेचा उल्लेख वाचलेला नाही. त्यांच्या आठवणींत उसाचा रस असतो.

एकदा एका तालुक्याच्या गावी माझी शेवटची गाडी आलीच नाही. चौकशीची खिडकी बंद, माइक बंद, फळ्यावर खडूने लिहिलेली वेळ कधीच उलटून गेलेली. स्टँड रिकामा होत चालला तसे उरलेले लोक जरा जास्तच बघायला लागले. शेंगा विकणारी एक बाई टोपली आवरत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं नाहीच, सांगितलंच, "इथं माझ्यापाशी बस. कुणी काय बोललं तर मावशी हाय म्हणून सांग." ती रात्री तिथेच झोपणारी होती की माझ्यासाठी थांबली, ते मला कळलं नाही. मध्यरात्रीनंतर कुठलीशी लांब पल्ल्याची गाडी आली, तिने स्वतः पुढे होऊन मास्तरला माझं गाव सांगितलं आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर मला बसवून दिलं. पैसे घेतले नाहीत, शेंगा मात्र ओंजळभर दिल्या.

२५ फेब्रुवारी २०२५च्या पहाटे स्वारगेट स्थानकात जे घडलं त्याची बातमी वाचताना मला ती बाई आठवली. गाडीची वाट बघणाऱ्या एका तरुणीला एका माणसाने ताई म्हणून हाक मारली, तुझी गाडी इथे नाही, तिकडे लागली आहे, असं सांगून आवारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये नेलं आणि तिच्यावर बलात्कार केला, अशी तक्रार नोंदली गेली. पुढे आरोपी पकडला गेला, सुरक्षारक्षकांवर चर्चा झाली, आगारांत धूळ खात पडलेल्या जुन्या गाड्या हलवण्याचे आदेश निघाले. आणि अपेक्षेप्रमाणे काही लोकांनी विचारलं, ती अनोळखी माणसावर विश्वास ठेवून गेलीच कशी?

ज्यांनी हे विचारलं त्यांनी कधी पहाटे स्टँडवर गाडी शोधली आहे का? आपल्याकडे गाडी विचारूनच मिळते. फलाटावर पाटी एका गावाची असते, गाडी दुसऱ्या गावाची उभी असते, आणि गाडीच्या कपाळावरचा बोर्ड मास्तर निघायच्या आधी बदलतो. रोजचे प्रवासीसुद्धा एकमेकांना विचारतच गाडीत चढतात. माझ्या आईचा डबा याच विश्वासावर जात होता आणि ती मुलगीही याच विश्वासावर चार पावलं चालली. कोणती गाडी कुठे लागेल हे मोठ्या अक्षरांत, रात्रंदिवस, न विचारता दिसलं असतं, तर त्या माणसाच्या सांगण्याला काही अर्थच उरला नसता. रक्षक नेमा, कॅमेरे लावा. पण पहाटे चार वाजता नियंत्रकाच्या खिडकीत दिवा आणि दिव्याखाली माणूस असला पाहिजे, हे मला सर्वांत आधीचं काम वाटतं.

माझ्या शिवाजीनगरची कथा वेगळीच झाली. मेट्रोच्या भुयारी स्थानकासाठी २०१९च्या शेवटी तो स्टँड तिथून उठला आणि वाकडेवाडीला, जुन्या मुंबई रस्त्यावर, सरकारी दूध डेअरीच्या जागेत गेला. तात्पुरता म्हणून गेला. मेट्रो धावू लागली, स्टँड अजून वाकडेवाडीतच आहे. मास्तर आजही शिवाजीनगर, शिवाजीनगर असंच ओरडतो, आणि खेड्यातून आलेलं म्हातारं माणूस खाली उतरून जुनी कमान, जुना रेल्वेचा फाटा शोधत राहतं. रिक्षावाल्यांना हा गोंधळ मानवतो.

जुना स्टँड कोंदट होता, डबकी होती, रेल्वे स्टेशनाला खेटून असल्यामुळे गर्दी हटायची नाही. पुरुष मंडळी त्या गर्दीला कंटाळायची. मला ती बरी वाटायची. अंधार पडल्यावर बाईला गर्दी हवी असते, मोकळी हवा दिवसा चालते. आता जुन्या जागेवर वर ऑफिसं, दुकानं आणि खाली गाड्या अशा मोठ्या संकुलाची योजना आहे. अशा योजनांची चित्रं मी निरखून बघते. त्यांत झाडं असतात, काच असते, एखादी जीन्समधली मुलगी चाकाची बॅग ओढत चाललेली असते. शेंगा विकणारी बाई कुठे बसेल, ते चित्रात दाखवत नाहीत. तिला बसू देणार नाहीत, हे उघड आहे. मग रात्री थांबलेल्या पोरीजवळ बसायला कोण असेल?

इतकं कडू लिहून झाल्यावर एक कबूल करायला हवं, की गेल्या काही वर्षांत स्टँडवरचं दृश्य बायकांच्या बाजूने बदललं आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली आणि मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. तेव्हापासून कुठल्याही स्टँडवर जा, नऊवारीतल्या, सहावारीतल्या, पंजाबी ड्रेसमधल्या बायकांचे घोळके दिसतात. आळंदीला निघालेल्या, भाचीच्या डोहाळजेवणाला निघालेल्या, दवाखान्याला, बाजाराला. आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कनवटीला. माझ्या ओळखीचे एक सद्गृहस्थ यावर चिडून म्हणाले, "बायका आता उगाच फिरायला लागल्यात." मी म्हटलं, तुमच्या सगळ्या आठवणी उगाच फिरण्याच्याच आहेत की! डबा घ्यायला जायचं निमित्त करून तुम्ही किती वेळ स्टँडवर काढलात, ते माझ्या भावाने मला सांगितलंय. ते हसले, पण त्यांना पटलं असं दिसलं नाही.

मागच्या महिन्यात एका स्टँडवर स्वच्छतागृहाच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी होत्या. ऐंशीच्या घरातल्या, हातात काठी, पाठीवर नातवाची जुनी शाळेची सॅक. दारातल्या खुर्चीवरच्या पोराने पाच रुपये मागितले. आजींनी काठी बगलेत मारली, कनवटीचं आधार कार्ड काढलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं. तो म्हणाला, "आजी, हे इथं चालत नाही."

"का नाय चालत? अख्खी गाडी मला फुकट नेती पंढरपुरापातूर, आन् तुझं हे खोपाट काय गाडीपेक्षा मोठं हाय का?"

रांगेतल्या सगळ्या बायका हसायला लागल्या. पोरगं काहीतरी पुटपुटत होतं, पण आजी तोवर आत गेल्या होत्या, आणि त्यांच्यामागून आणखी दोघी पैसे न देताच आत गेल्या.