हुनराचं कौतुक पुरे झालं

"आपल्या पोरांच्या हातात हुनर आहे." जलशांत, इफ्तार पार्ट्यांत, निवडणुकीच्या सभांत हे वाक्य ऐकून माझे कान किटले. टाळ्या पडतात. बोलणाऱ्याची स्वतःची मुलं इंजिनिअरिंगला असतात. आणि ज्याच्या हुनराचं कौतुक चाललंय, तो सातवीत शाळा सुटलेला पोरगा त्या वेळी कुणाच्या तरी गाडीची चांगली बॅटरी काढून नवी बसवत असतो.

हे मी भोगलंय. माझ्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवून क्लचप्लेट बदलली. संध्याकाळी चावी फिरवली तर नुसतं टिकटिक. "बॅटरी गेली." नवी घातली, टिकटिक तशीच. मग "स्टार्टर गेला." तोही बदलला. तिसऱ्या दिवशी शेजारचा इलेक्ट्रिशियन आला आणि त्याने एवढंच विचारलं, "कशाकशाला हात लावला होता?" गिअरबॉक्सवरची अर्थची पट्टी परत कसायची राहिली होती. एक पाना, दोन मिनिटं. बिल मात्र बॅटरीचं आणि स्टार्टरचं.

गाडी आपल्या पायाने आत आली आणि कामानंतर सुरू होत नाही, तर संशय आधी त्या कामावरच घ्यायचा. डिझेलचा फिल्टर बदलला असेल तर लाइनमध्ये हवा अडकली असेल, हातपंपाने ती काढा. टायमिंग बेल्ट उतरवला असेल तर खुणा पुन्हा जुळवून पाहा, आणि तोवर सेल्फ मारूच नका. बेल्ट काही दात सरकून बसला असेल तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. शंभराचं काम हजारांवर जातं. जुन्या पेट्रोल गाडीत प्लगच्या वायरींची अदलाबदल झाली का बघा. चार सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांत क्रम 1-3-4-2 असतो. इंजेक्शनच्या गाडीत क्रँक सेन्सरचं सॉकेट नीट बसलं नाही, तर स्टार्टर फिरतो पण संगणकाला इंजिन फिरतंय हेच कळत नाही. ठिणगी नाही, पेट्रोल नाही. अशा गाडीला गल्लीभर धक्का मारला तरी काय होणार?

हे पोराला का सुचत नाही? कारण त्याला पाच वर्षं फक्त "तेराचा पाना दे" एवढंच ऐकवलं. "का?" विचारलं की टपली. जुन्या उस्तादांची मला कदर आहे. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून कुठला टॅपेट वाजतोय ते सांगणारे लोक मी पाहिलेत. पण सेन्सर आवाज करत नाही. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 आलं आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळपास गेलाच. आता मल्टिमीटर लावावा लागतो, वायरिंगचा नकाशा वाचावा लागतो. नकाशा वाचायला आधी अक्षर लागतं.

सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालात मुसलमान कामगार जास्त असलेल्या धंद्यांत वाहनदुरुस्ती होती. म्हणजे हा प्रश्न एखाददुसऱ्या गॅरेजचा नाही, हजारो चुलींचा आहे. शिवाय अंदाजाने पार्ट बदलत गेलं की गिऱ्हाईकाला ते अज्ञान वाटत नाही, चोरी वाटते. पाटीवरचं नाव आपलं असेल तर जास्तच लवकर वाटते. तो त्याचा पूर्वग्रह, खरंच. पण त्याला आयतं खाद्य आपण का पुरवायचं?

"मग घर कोण चालवणार?" हा सवाल मला नेहमी येतो, आणि तो खोटा नाही. पण 14 वर्षांखालच्या पोराला गॅरेजला जुंपणं हा कायद्याने गुन्हा आहे, तिथून बोलायला सुरुवात करू. दहावी झालेल्याला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे. जे आज गॅरेजमध्येच आहेत त्यांना जमातीने आठवड्यातून दोन रात्री शिकवावं. मल्टिमीटर काही शेकड्यांत येतो, जलशाच्या मंडपापेक्षा नक्कीच स्वस्त.

आयटीआयचे अर्ज दहावीच्या निकालाच्या सुमारास निघतात. आमच्या मशिदीबाहेरच्या फळ्यावर चंद्रदर्शनाची तारीख असते, चंद्याचा हिशेब असतो. अर्जाची तारीख मी तिथे आजवर वाचलेली नाही.