अजिंठ्याची प्रतिमा कोण जपणार?

कोरोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये देशभरातील संरक्षित स्मारकांची दारे बंद झाली, त्यांपैकी बहुतेक जुलैपर्यंत उघडली नाहीत. त्याच काळात केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने ‘देखो अपना देश’ ही वेबव्याख्यानमाला सुरू केली, जगभरच्या संग्रहालयांनी आपली दालने संगणकाच्या पडद्यावर मांडली आणि ‘आभासी पर्यटन’ हा शब्द मराठी घरांतही रुळला. साथ ओसरली, प्रवास पूर्ववत झाला आणि हा विषय मागे पडला. सक्तीच्या घरवासातील करमणूक, एवढेच त्याचे मोल ठरले. अजिंठ्यापुरते बोलायचे तर ही समजूत घातक आहे.

अजिंठ्याची भित्तिचित्रे ओल्या गिलाव्यावर रंगविलेली नाहीत. कातळावर मातीचा लेप, त्यात भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ थर आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालविलेले रंग, अशी ही रचना आहे. पाणी हा तिचा पहिला शत्रू. पावसाळ्यात कातळातून झिरपणारा ओलावा, वटवाघळे, कीटक आणि दिवसभर गुहेत श्वास सोडणारी माणसे हे सारे मिळून तो लेप सैल करतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने फ्लॅशवर बंदी घातली, मुख्य चित्रलेण्यांत एका वेळी मोजकीच माणसे सोडण्याचा नियम केला, खासगी वाहने फर्दापूर फाट्यावर थांबविली. हे उपाय योग्यच आहेत. मात्र त्यांनी ऱ्हासाचा वेग मंदावतो, ऱ्हास थांबत नाही. जे चित्र आज दिसते ते पन्नास वर्षांनी तसेच दिसेल, अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. त्यामुळे अजिंठ्याची प्रतिमा हा सहलीला पर्याय आहे की नाही, हा वाद गौण ठरतो. ती प्रतिमा पुढच्या पिढ्यांसाठी दस्तऐवज आहे.

घरबसल्या अजिंठा पाहण्याची हौसही नवी नाही. मद्रास लष्करातील मेजर रॉबर्ट गिल याने १८४४ पासून जवळजवळ दोन दशके येथील चित्रांच्या नकला केल्या. त्याने घेतलेली स्टिरिओस्कोपची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. दोन भिंगांतून पाहिले की खांबांमागे खांब उभे राहत. तेव्हाचे ते आभासी पर्यटनच होते. मराठी वाचकाला गिल ठाऊक असतो तो पारोच्या प्रेमकथेमुळे. त्याच्या चित्रांचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी विचारत नाही. त्यांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाली. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाच्या जॉन ग्रिफिथ्सने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. त्यांतील अनेक १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातील आगीत गेल्या. मूळ चित्रे दीड हजार वर्षे टिकली आणि त्यांच्या नकला वीस-पंचवीस वर्षांत राख झाल्या.

जपानचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. नारा येथील होर्यूजी मंदिरातील भित्तिचित्रांची तुलना अभ्यासक नेहमी अजिंठ्याशी करतात. जानेवारी १९४९ मध्ये, नकला करण्याचे काम चालू असतानाच, तेथे आग लागून ती चित्रे होरपळली. परंतु १९३५ मध्ये प्रत्यक्ष आकाराच्या काचेच्या पट्ट्यांवर त्यांची छायाचित्रे घेऊन जपून ठेवलेली होती. त्या छायाचित्रांचा आधार घेऊन १९६० च्या दशकात ती भिंत पुन्हा रंगविता आली.

आपल्याकडील अलीकडचा अनुभव उत्साह वाढविणारा नाही. अजिंठ्याच्या पायथ्याशी जपानी अर्थसाहाय्यातून भव्य पर्यटक केंद्र उभे राहिले. क्रमांक १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती तेथे साकारण्यात आल्या आणि २०१३ मध्ये ते खुले झाले. मूळ लेण्यांवरील गर्दीचा भार हलका व्हावा, हा त्यामागील हेतू होता. पुढे काही वर्षांतच वीज आणि पाण्याच्या थकलेल्या बिलांपायी ते बंद पडले. उभारणीसाठी निधी मिळतो, दिवे लावण्यासाठी मिळत नाही, ही सरकारी कामांची जुनी खोड येथेही दिसली. आता हीच खोड संगणकीय प्रकल्पांना लागली तर? सीडींवर काढलेल्या जुन्या सफरी आज चालविण्यासाठी यंत्रच सापडत नाही. ‘फ्लॅश’ या तंत्रावर बेतलेल्या सफरी ते तंत्र डिसेंबर २०२० मध्ये बंद होताच निरुपयोगी झाल्या. त्यासाठी क्रिस्टल पॅलेससारखी आग लागावी लागली नाही.

चीनमधील दुनहुआंग येथील मोगाओ लेण्यांनी वेगळी वाट धरली. भारतातून मध्य आशियामार्गे गेलेल्या बौद्ध चित्रपरंपरेचे हे मोठे केंद्र. सुमारे पंचेचाळीस हजार चौरस मीटर भित्तिचित्रांचे. फान जिन्शी या संशोधिकेच्या पुढाकाराने तेथे १९९० च्या दशकापासून भिंतींचे छायाचित्रण सुरू आहे. २०१४ मध्ये खुल्या झालेल्या केंद्रात पर्यटक प्रथम घुमटाकार पडद्यावर लेणी पाहतात आणि मग ठरावीक संख्येने, ठरावीक लेण्यांत जातात. २०१६ मध्ये तीस लेणी संकेतस्थळावर सर्वांना खुली करण्यात आली. येथे निर्णायक बाब यंत्रांची नाही. हे काम लेण्यांची निगा राखणाऱ्या संस्थेनेच, आपले नेहमीचे काम म्हणून, तीन दशके चालविले आहे. महाराष्ट्रात असे काम बहुधा निविदेपासून उद्घाटनापर्यंतच चालते.

पडद्याची मातब्बरीही नाकारता येत नाही. अंधाऱ्या लेण्यात फोटो घेण्यासाठी बिनय बहल यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी मंद प्रकाशात दीर्घकाळ छिद्र उघडे ठेवण्याची पद्धत वापरली, तेव्हा पद्मपाणीच्या भोवतीचे कितीतरी बारकावे प्रथमच स्पष्ट दिसले. छतावरची नक्षी मान मोडून पाहावी लागत नाही. पायऱ्या चढू न शकणाऱ्या वृद्धाला डोलीची वाट पाहावी लागत नाही. दहाव्या लेण्यातील खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ मध्ये कोरलेले नावही पडद्यावर वाचता येते; एरवी ते आज उंचावर राहते, कारण तेव्हा तो गाळाच्या ढिगावर उभा होता. वाघोरेचे वळण, धबधब्याचा गार वारा आणि अंधारात डोळे रुळल्यावर हळूहळू उमटणारे चित्र मात्र कोणताही पडदा देणार नाही. त्याने तसा दावाही करू नये.

खरा धोका दुसरीकडे आहे. गेलेले रंग ‘परत आणणारी’ संगणकीय चित्रे आता सर्रास फिरतात. फुटलेल्या ओठाला ओठ, पुसलेल्या मुकुटाला मुकुट. त्यातले किती भिंतीवर आहे आणि किती चित्रकाराच्या वा यंत्राच्या कल्पनेतले, हे पाहणाऱ्याला कळायलाच हवे. चित्र सुधारण्याच्या हौसेची किंमत अजिंठ्याने यापूर्वी मोजली आहे. नकला करताना चित्रे उठून दिसावीत म्हणून एकोणिसाव्या शतकात त्यांवर व्हार्निश चढविले गेले. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटणारे लेप घट्ट बसविले खरे, पण लाखेचा थरही दिला. तो पुढे पिवळा पडला आणि धूळ धरून बसला. पडद्यावरचे व्हार्निश भिंतीला इजा करीत नाही. परंतु शाळकरी मुलाच्या मनात खोटा अजिंठा ठसविण्याची ताकद त्यात आहे, आणि तो अजिंठा नंतर पुसणे लाखेइतकेच अवघड जाईल.

म्हणूनच पुरातत्त्व विभाग आणि राज्याचे पर्यटन खाते यांनी कोणत्याही खासगी कंपनीशी करार करताना तीन बाबी पक्क्या कराव्यात. मूळ, अस्पर्श छायाचित्रांच्या फायली सरकारी अभिलेखागारात एकाहून अधिक ठिकाणी राहाव्यात. कल्पनेने भरलेला प्रत्येक भाग वेगळा दिसावा. आणि दर काही वर्षांनी ही सामग्री नव्या तंत्रात उतरविण्याचा खर्च पहिल्याच दिवशी अंदाजपत्रकात धरावा.

फर्दापूर आणि परिसरातील वाटाडे, डोलीवाले, दुकानदार यांची भीतीही ऐकून घ्यावी लागेल. पडद्यावरच सारे दिसले तर येथे कोण येणार, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण दुनहुआंगमध्ये पडद्याने पर्यटक पळविले नाहीत, उलट तेथील गर्दी वाढत गेली. वर्षानुवर्षे जातककथा सांगत आलेल्या वाटाड्यांचाच आवाज या सफरीला देता येईल. सोयगाव तालुक्यातील शाळांना लेणी जवळ असूनही सतराव्या लेण्यातील सिंहलाची कथा भिंतीवरून क्रमाने वाचता येत नाही; ती मराठीत, सावकाश, दृश्यागणिक उलगडणारी सफर त्यांच्यासाठी आधी तयार व्हावी, विमानतळावरच्या पडद्यांसाठी नंतर.