हिरव्या पिशवीचा पंचनामा



अळिंबीची पिशवी हिरवी पडली की बियाणे विकणारा एकच वाक्य बोलतो, "ताई, तुम्ही स्वच्छता ठेवली नाही." हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. कपाशीचे बी उगवले नाही, तर "ओल नव्हती, बी खोल पडले." फवारणी लागू पडली नाही, तर "प्रमाण चुकले." माल त्यांचा, पैसा आपला, आणि गुन्हाही आपलाच!

एका गावात बायकांच्या बचत गटाने धिंगरी अळिंबीच्या साठ पिशव्या भरल्या. बाराव्या दिवशी चाळीस हिरव्या पडल्या. विक्रेत्याने फोनवरच निकाल दिला, हात धुतले नसतील. बायांनी मुकाट्याने पिशव्या उकिरड्यावर फेकल्या आणि कर्जाचे हप्ते भरत राहिल्या. मी पोचलो तेव्हा सगळा पुरावा उकिरड्यात होता. मीही नोकरीत असताना "शेतकऱ्याने शिफारशींचा अवलंब केला नाही" असा शेरा न पाहता कितीदा मारला आहे. एवढे लिहिले की फाईल बंद होते. म्हणूनच सांगतो, फाईल बंद होऊ देऊ नका. आधी पंचनामा करा.

आरोपी ओळखा. ही हिरवी बुरशी बहुतेक वेळा ट्रायकोडर्मा असते. होय, तीच ट्रायकोडर्मा, जी मर रोगासाठी आपण पैसे मोजून आणतो आणि हरभऱ्याच्या बियाण्याला चोळतो! ती दुसऱ्या बुरशीला खाते म्हणून शेतात मित्र. अळिंबी हीसुद्धा बुरशीच, म्हणून पिशवीत वैरी. ती मातीत आहे, कुटारात आहे, हवेत आहे. तिला यायला कुणाचे घाणेरडे हात लागत नाहीत. मात्र ट्रायकोडर्माची पुडी अळिंबीच्या खोलीत ठेवू नका, आणि बीजप्रक्रिया केलेल्या माणसाने आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय पिशव्या भरू नयेत. सुरुवातीला ही बुरशीही पांढरीच दिसते. आपण खूश होतो की अळिंबी धरली, आणि मग हिरवा रंग चढतो.

आता कुठे हिरवे पडले ते पाहा. जागाच बरेच काही सांगते.

बियाण्याच्या दाण्याभोवतीच हिरवे ठिपके सुरू झाले, तर पहिला संशय बियाण्यावर. हे बियाणे, म्हणजे स्पॉन, उकडलेल्या गव्हाच्या किंवा आपल्याच ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेले असते. चांगल्या पाकिटातले दाणे पांढऱ्या जाळीने घट्ट बांधलेले असतात. हिरवा, काळा किंवा गुलाबी डाग, आंबट वास, तळाशी पिवळे पाणी दिसले, तर पाकीट जागेवरच परत करा.

पिशवीत सगळीकडे, बी नाही तिथेही बुरशी आली, तर संशय कुटारावर. पावसात भिजलेले कुटार किंवा गंजीच्या वरच्या थराचा कडबा आधीच बुरशीने भरलेला असतो. यंदाचे, कोरडे, चकाकते कुटार घ्या. रात्रभर भिजवा, मग ८० अंशांच्या पाण्यात तासभर पूर्ण बुडवून ठेवा. तास मोजायचा तो कुटार टाकल्यावर पाणी पुन्हा तापले तिथपासून. घाई इथेच होते. जळणाला पऱ्हाट्या आहेतच. कुटार पूर्ण गार झाल्याशिवाय बी टाकू नका, नाहीतर बी भाजून मरते आणि मैदान वैऱ्याला मोकळे मिळते.

तळाशी काळे-हिरवे, चिकट आणि घाण वास असेल, तर पाणी जास्त झाले. मूठभर कुटार पिळून पाहा. तळवा ओला व्हावा, थेंब गळू नये. पिशवीतून काळ्या पाण्यात विरघळणाऱ्या कुत्र्याच्या छत्र्या निघाल्या, तर कुटार नीट तापले नाही आणि ओलही जास्त राहिली. फक्त भोकांपाशी किंवा तोंडाशी हिरवे असेल, तर नंतर माशीने किंवा हवेने आणले. खिडकीला बारीक जाळी लावा. कुटार कापायची जागा आणि पिशव्या भरायची जागा वेगळी ठेवा.

बियाण्यात काटकसर नको. १०० किलो ओल्या कुटाराला २ ते ३ किलो लागते. बी कमी पडले की अळिंबी हळू पसरते आणि शर्यत हिरवी बुरशी जिंकते. खोली ३० अंशांच्या वर तापली तरी तेच होते. म्हणून आपल्या भागात दिवाळी ते होळी हाच हंगाम. उन्हाळ्यात पिशव्या लावायला सांगणारा आपल्या भल्याचे बोलत नाही.

पण नुसत्या खुणांवर निकाल टिकत नाही. शेतात खताचा परिणाम पाहायला एक वाफा बिनखताचा ठेवतात. तसे दोन साक्षीदार ठेवा. पहिला, त्याच कुटाराची, पण बी न टाकलेली एक पिशवी. तीही फार दिवस स्वच्छ राहणार नाही, पण चार-पाच दिवसांतच हिरवी झाली तर कुटार नीट तापले नव्हते. दुसरा, त्याच लॉटचे एक न फोडलेले पाकीट, सावलीत, गार जागी. ते न फोडताच आतून हिरवे झाले, तर तुमचे हात त्याला लागलेलेच नाहीत! मग स्वच्छतेचे प्रवचन कुणाला द्यायचे? आणि दोन्ही साक्षीदार स्वच्छ राहिले, तर चूक भरताना किंवा खोलीत झाली. ती आपण कबूल करू आणि सुधारू. पण दुसऱ्याचे पाप आपल्या माथी घेणार नाही.

खराब पिशवी खोलीत उघडू नका. ओल्या कपड्यात गुंडाळून बाहेर न्या, तारखेसह फोटो काढा, मग लांब खड्ड्यात पुरा. तिच्यावरची अळिंबी खाऊ नका, कुटार जनावरांपुढे टाकू नका.

कायद्याचेही ऐका. १९६६ च्या बियाणे कायद्यातील व्याख्येत अन्नपिके, कापूस, चारा, कंद, रोपे आहेत. अळिंबीच्या बियाण्याचे नाव तिथे नाही. ही पळवाट विक्रेत्याला ठाऊक आहे. पण बियाण्यातील दोषासाठी शेतकरी ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेला माल व्यापारी हेतूचा धरला जात नाही. मात्र पावती लागते, पाकीट लागते, लॉट क्रमांक लागतो. कोऱ्या पाकिटातल्या बियाण्याला न्यायालयात तोंड नसते.

शेवटी हिशेबाचे. कापसाला भाव मागितला की व्यासपीठावरून सांगतात, "जोडधंदा करा, अळिंबी लावा." लावू की! पण अळिंबीचा हंगाम आणि कापसाची वेचणी एकाच वेळी येतात. दिवसभर वेचून आलेली बाई रात्री कुटार तापवते, पहाटे पाणी शिंपडते. तिच्या त्या मजुरीचा आकडा त्यांच्या तक्त्यात शून्य असतो. हिरव्या पडलेल्या पिशव्यांचा आकडाही शून्यच. अळिंबी हे एक पीक आहे. कापसाच्या भावाला दिलेली ती बगल होऊ शकत नाही.

म्हणून जिल्हा बैठकीत हा ठराव मांडू. पाकिटावर जातीचे नाव, तयार केल्याची तारीख आणि लॉट क्रमांक छापलेला असेल तरच बियाणे घ्यायचे. पक्की पावती घ्यायची. पहिल्या खेपेला दहाच पिशव्या भरायच्या, साठ नव्हे. प्रत्येक खेपेला दोन साक्षीदार ठेवायचे. आणि प्रत्येक गटाने वही ठेवायची, कुठले लॉट, किती पिशव्या, कितव्या दिवशी, कुठे हिरवे. दहा गावांच्या वह्या एका टेबलावर आल्या आणि एकाच लॉटसमोर हिरवा शेरा दिसला, तर कुणाचे हात घाण होते ते विक्रेत्याला आपण सांगू.

बैठकीला येताना वही आणा.